दुसऱ्याच्या गळ्यासाठी

गावाचं नाव माणसाला चिकटणं आपल्याला नवं नाही. आपल्याकडे ते आडनाव होऊन मागे येतं, तमिळ मुलखात पुढे उभं राहतं. अरियक्कुडी, सेम्मंगुडी, चेंबै असं नुसतं गाव उच्चारलं की कर्नाटक संगीताच्या रसिकापुढे तो तो गवई हजर होतो. कुंभकोणमहून तंजावूरकडे जाताना मधे लागणारं पापनाशम हे असंच एक गाव. रेल्वेचं लहानसं स्थानक, भाताची खाचरं, एकशे आठ शिवलिंगांचं देऊळ. पण जिथे जिथे तमिळ गाणं गायलं जातं तिथे या गावाचं नाव पोचलं आहे, ते पापनाशम शिवन या पदकर्त्यामुळे. आणि पापनाशम हे काही त्यांचं जन्मगाव नव्हे, की शिवन हे पाळण्यातलं नाव नव्हे.

जन्म १८९० सालचा, पोलगम नावाच्या खेड्यातला. नाव रामय्या. वडील लवकर गेले, तेव्हा आई मुलांना घेऊन तिरुवनंतपुरमला गेली. तिथल्या महाराजांच्या संस्कृत पाठशाळेत रामय्या व्याकरण शिकला आणि तिथेच त्याच्या कानावर नीलकंठ शिवन या संतकवीची भजनं पडली. शास्त्र पाठशाळेत मिळालं, गाणं देवळाच्या ओसरीत. पुढे १९१० मध्ये आईही गेली. वीस वर्षांचा हा मुलगा कावेरीकाठची देवळं पालथी घालत फिरू लागला. जिथे उत्सव तिथे भजन, जिथे भजन तिथे प्रसाद, असे ते दिवस. थोरला भाऊ पापनाशमला होता, म्हणून अधूनमधून मुक्काम तिथे. अंगभर भस्माचे पट्टे ओढून भान हरपून गाणाऱ्या या तरुणाला लोक शिवन म्हणू लागले, आणि तेच नाव राहिलं.

त्याने मात्र पदांच्या शेवटी मुद्रा घातली ती ‘रामदासन’ अशी. लोकांनी शंकर केला, तर हा रामाचा दास म्हणून सही करतो. आपल्याकडे नरहरी सोनाराने डोळ्यांना पट्टी बांधून विठ्ठलाच्या कमरेचं माप घेतलं आणि हाताला शंकर लागला, त्याच जातीची ही गोष्ट. कुंभकोणममध्ये राहिलेल्या माणसाला तिचं नवल वाटणार नाही. इथे कुंभेश्वर आणि शारंगपाणी यांची गोपुरं एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात उभी आहेत, आणि एकाच पहाटे दोन्हीकडे घंटा वाजते.

मी कुंभकोणमला गेलो तो मार्गळी महिन्यात, म्हणजे आपल्या धनुर्मासात. आपल्याकडे या दिवसांत पहाटे मुगाच्या खिचडीचा नैवेद्य असतो, तिथे देवळात गरम पोंगल वाटतात. दारापुढे तांदळाच्या पिठाचे कोलम, त्यांच्या मधोमध शेणाच्या गोळीत खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल, देवळाच्या कर्ण्यावर आंडाळची तिरुप्पावै. आणि या सगळ्यातून वाट काढत जाणारी भजनी मंडळी. पुढे एक हार्मोनियमवाला, पेटी गळ्यात अडकवलेली, एक मृदंग, चार-सहा झांजा, मागे शाली गुंडाळलेले पुरुष, नऊवारीच्या चुलतबहिणी शोभाव्यात अशी लुगडी नेसलेल्या मामी, आणि डोळे चोळत आलेली एक-दोन पोरं.

मंडळींतले एक निवृत्त संस्कृत शिक्षक तंजावुरी मराठी घरातले निघाले. मी मराठी म्हटल्यावर त्यांनी तमिळ हेल असलेल्या मराठीत माझी चौकशी केली आणि चालणाऱ्यांच्या दुसऱ्या रांगेत मला ओढून घेतलं. त्यांना मी काका म्हणू लागलो. त्यांच्यामुळे कळलं, की या चालत्या भजनाची मुळं याच पंचक्रोशीत आहेत. गोविंदपुरमला बोधेंद्र स्वामींची समाधी आहे, तिरुविसनल्लूरला श्रीधर अय्यावाळ राहिले, मरुदनल्लूरला सद्गुरू स्वामी. दक्षिणेतल्या भजनसंप्रदायाची घडी या तिघांनी बसवली आणि तिघांची गावं कुंभकोणमच्या आसपास. त्यातलं तिरुविसनल्लूर तर तंजावरच्या शहाजीराजांनी १६९३ मध्ये विद्वानांना अग्रहार म्हणून दिलं, ते त्या काळी शहाजीराजपुरम म्हणवलं जाई. हे शहाजीराजे स्वतः पदं रचणारे. तिरुवारूरच्या त्यागेशावर त्यांची पदं आहेत, आणि तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी, संस्कृत अशा पाच भाषांत बोलणारं एक नाटकही. भजनाच्या ठरलेल्या क्रमात जयदेवाची अष्टपदी येते, नारायणतीर्थांचे तरंग येतात, पुरंदरदास येतात, आणि तुकोबा-नामदेवांचे अभंगही येतात. शारंगपाणीच्या रस्त्यावर, सूर्योदयाआधी, ‘ळ’ आणि ‘ण’ आमच्यापेक्षा ठसठशीत उच्चारणाऱ्या तोंडांतून अभंग ऐकताना मला प्रथम अभिमान वाटला. मग लक्षात आलं, की इथे त्याला कुणी मराठी म्हणून ऐकतच नाही. त्यांच्या दृष्टीने ते तिसऱ्या वळणावरचं गाणं आहे.

आणि चौथ्या वळणावर शिवन यांचं पद सुरू झालं.

मी विचारलं, हे कुणाचं? काका म्हणाले, “शिवन यांचं. पण पहाटे ते कोण विचारतंय? दुसऱ्या ओळीला सगळ्यांचा आवाज आला पाहिजे, एवढंच.”

काकांनी ते सहज म्हटलं, पण पापनाशम शिवन यांच्या साठ वर्षांच्या पदरचनेकडे पाहायची चावी मला त्यात सापडली. त्यांचं पहिलं पद तिरुवारूरच्या उत्सवात सुचलं असं सांगतात. त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर, श्यामा शास्त्री ही कर्नाटक संगीताची त्रिमूर्ती जिथे जन्मली तेच हे तिरुवारूर. पुढे कोनेरीराजपुरम वैद्यनाथ अय्यर यांच्यासारख्या मातब्बर गवयाच्या सहवासात त्यांनी गायकी आत्मसात केली आणि १९१८ मध्ये तिरुवैयारूच्या त्यागराज आराधनेत गायले. म्हणजे मैफलीचा रस्ता मोकळा होता. तरी त्यांचं मन रमलं ते रस्त्यावरच्या भजनात. पुढे मद्रासला मैलापूरमध्ये घर केल्यावरही मार्गळीच्या पहाटे कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या चार रस्त्यांवरून भजन घेऊन निघण्याचा नेम त्यांनी वर्षानुवर्षं चालवला. सिनेमात नाव झालं, मानसन्मान आले, तरी पहाटेची फेरी सुटली नाही.

चालत गायचं पद कसं असावं लागतं? माझा तर्क असा, की शिवन यांची सगळी कारागिरी या प्रश्नातून उगवली. चालणाऱ्याला दम पुरला पाहिजे, म्हणून ओळ लांबट असून चालत नाही. मागच्या रांगेला शब्द अर्धेमुर्धे ऐकू येतात, तेव्हा पुढची ओळ कुठून सुरू होणार याचा अंदाज आधीच यावा लागतो. आपण मराठी माणसं ओळीच्या शेवटाकडे कान लावून बसतो. मोरोपंतांनी आपल्याला यमकाची सवयच तशी लावली आहे. तमिळ रचनेत जुळणी असते ती ओळीच्या तोंडाशी. पहिली अक्षरं जुळली तर ते मोनै, दुसरी जुळली तर एदुगै. समजा पहिली ओळ ‘चरण’ने उघडली, तर पुढची ‘शरण’ने किंवा ‘मरणा’ने उघडेल. ही रीत फार जुनी, शिवन यांनी काढलेली नव्हे. पण रस्त्यावर चालताना तिचा उपयोग मला प्रत्यक्ष कळला. मला तमिळ येत नाही, तरी दुसऱ्या फेरीला माझ्या तोंडातून ओळीची सुरुवात बरोबर निघाली. शेवट मी झांजेत बुडवला.

शब्दही तसेच, बोलण्यातले. व्याकरण शिकलेला हा संस्कृत पंडित देवाशी बोलताना घरगुती तमिळ वापरतो. नवरसकन्नड रागातल्या एका पदात तो जगन्मातेलाच विचारतो, की मी काय तुझ्या हातातलं खेळणं आहे? कापी रागातल्या पदात यशोदेला विचारतो, की बाई, असं कोणतं तप केलंस म्हणून परब्रह्म तुला आई म्हणतं? कांभोजीत कपालीश्वराची मिरवणूक पाहताना म्हणतो, हे पाहायला कोटी डोळे हवेत. नामदेवाचं विठोबाशी चाललेलं भांडण ज्याने ऐकलं आहे त्याला हा सूर ओळखीचा वाटेल. प्रश्नाने उघडलेलं पद ऐकणाऱ्याला आपोआप आत घेतं. पल्लवी, म्हणजे आपलं ध्रुवपद, पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी तोच प्रश्न विचारणाऱ्या तोंडांची संख्या वाढते.

बरं, हे सोपं असलं तरी पातळ नाही. मोहनम्, म्हणजे आपला भूप, त्यातलं त्यांचं कपालीवरचं पद मैफलीत गाणारा गवई त्याच्या ओळींवर मनसोक्त विस्तार करतो. मदुरै मणी अय्यर यांनी कांभोजीतलं ते कोटी डोळ्यांचं पद असं गायलं, की ते त्यांचंच वाटावं. डी. के. पट्टम्माळ, एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी शिवन यांची पदं घराघरांत नेली. रस्त्यावर सहा पावलांत संपणारं पद मैफलीत अर्धा तास पुरतं, याचं कारण त्याच्या अंगात रागाची मोकळी जागा ठेवलेली आहे. सर्वसामान्य गळ्याला पेलेल आणि असामान्य गळ्याला पुरेल, अशी ती बांधणी.

मी स्वतः कधीमधी कार्यक्रमांसाठी गाणी लिहिली आहेत, म्हणून यातली अडचण थोडीफार जाणतो. तुम्ही कागदावर सुरेख ओळ लिहिता आणि गाणारी बाई म्हणते, “वरच्या षड्जावर मला ‘ई’ देऊ नका हो, ‘आ’ द्या.” चांगल्या ओळीचा जीव असल्या लहानशा स्वरात असतो. जो स्वतःच लिहितो, स्वतःच चाल लावतो आणि स्वतःच गातो, त्याला ही अडचण येत नाही असं वाटेल. खरं म्हणजे त्याला मोह अधिक होतो. आपल्या गळ्याला सोयीचं ते गाणं चांगलं, असं त्याला वाटू लागतं. मग तो गळा थकला की गाणंही थकतं. शिवन यांना वाग्गेयकार म्हणतात, वाणी आणि गाणं दोन्ही ज्याचं तो. पण वाग्गेयकार असूनही त्यांनी आपला गळा हे माप धरलं नाही.

याची कसोटी लागली सिनेमात. तीसच्या दशकात तमिळ बोलपटाला गाण्यांची भूक होती, आणि दिग्दर्शक के. सुब्रह्मण्यम हे जन्माने पापनाशमचेच. त्यांच्या १९३६ च्या ‘भक्त कुचेला’त शिवन यांनी खुद्द कुचेलाची, म्हणजे आपल्या सुदाम्याची भूमिका केली. प्रसादावर दिवस काढलेल्या माणसाला पोह्यांची पुरचुंडी घेऊन निघालेल्या ब्राह्मणाचा अभिनय शिकवावा लागला नसेल. १९३९ च्या ‘त्यागभूमी’त ते शंभू शास्त्री झाले. वादळात घरं गमावलेल्या अस्पृश्यांना आसरा देतो म्हणून गावाने वाळीत टाकलेला हा पुजारी. कथा कल्की कृष्णमूर्ती यांची. इंग्रज सरकारने त्या चित्रपटावर बंदी घातली.

अभिनय थोडाच, गाणी मात्र शेकड्यांनी. एम. के. त्यागराज भागवतर हा त्या काळचा गाणारा नायक. ‘अंबिकापती’, ‘अशोक कुमार’, ‘शिवकवी’ अशा त्याच्या चित्रपटांतली गाणी शिवन यांची. १९४४ चा ‘हरिदास’ तर मद्रासच्या ब्रॉडवे थिएटरात तीन दिवाळ्या पाहून उतरला. कथा मराठी माणसाला ओळखीची वाटेल. आईबापांना हाकलून गणिकेच्या नादी लागलेला मुलगा पाय गमावतो, पस्तावतो आणि त्यांच्याच सेवेत देव पाहतो. आपल्याला पुंडलिक आठवतो. या एका चित्रपटात मदनाच्या लीलेचं वर्णन करणारं, चारुकेशी रागातलं गाणं आहे, आणि आईबापांच्या पायांचं गाणंही आहे. नायक बिघडलेला असताना गायचं ते पहिलं, सुधारल्यावर गायचं ते दुसरं. दोन्ही गाणी त्या कपालीच्या भक्ताच्या हातची, आणि पहिल्यात कुठे आखडता हात नाही.

स्वामिमलैला, कुंभकोणमपासून जवळच, पंचधातूच्या मूर्ती घडवणारे स्थपती आहेत. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर कावेरीच्या गाळाचा लेप, मग भट्टी. मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत धातू ओततात. सिनेमाचं गाणं असंच घडतं. चाल कुणाची तरी, प्रसंग कुणाचा तरी, गळा तिसऱ्याचाच. शब्दाने त्या पोकळीत कानाकोपऱ्यापर्यंत उतरायचं. भजनाचं पद लिहिताना शिवन यांच्या मनात शब्द आणि सूर एकदम येत असतील, पण सिनेमात जी. रामनाथन यांच्यासारखा संगीतकार शेजारी बसलेला असे. आपण मराठी लोक अशा ओतीव कामाकडे जरा संशयाने पाहतो. मागणी तसा पुरवठा म्हणून नाक मुरडतो, आणि मग माडगूळकरांच्या गाण्यांवर डोळे पुसतो. प्रसंग दुसऱ्याने दिला म्हणून शब्द परका होत नाही. भजनातही प्रसंग दुसऱ्यानेच दिलेला असतो. देव ठरलेला, तिथी ठरलेली, रस्ताही ठरलेला.

म्हणून भक्त शिवन आणि सिनेमावाले शिवन असे दोन भाग मला पाडता येत नाहीत. कपालीश्वराच्या रस्त्यावर मागच्या रांगेतली मामी गाणार होती, स्टुडिओत भागवतर गाणार होता. दोघांसाठी त्यांनी एकच प्रश्न विचारला असेल, की हे कुणाच्या तोंडी बसवायचं आहे?

काळानेही त्यांना असाच प्रश्न घातला. तमिळ प्रांतातल्या मैफली तेलुगू आणि संस्कृत कृतींनी भरलेल्या असत, तमिळ पदं शेवटी, पानसुपारीच्या वेळेला. चाळीसच्या दशकात तमिळ इसै, म्हणजे तमिळ संगीताची, चळवळ उभी राहिली, १९४३ मध्ये मद्रासला तमिळ इसै संगम स्थापन झाला, आणि विद्वानांत कडाक्याचे वाद झडले. तमिळमध्ये मैफलीच्या तोलाची पदं आहेत कुठे, असा एका पक्षाचा सवाल होता. शिवन यांच्या शंभर कीर्तनांचा पहिला संग्रह १९३४ मध्येच छापून झाला होता. पुढे लोक त्यांना तमिळ त्यागराज म्हणू लागले. स्वतः ते संस्कृतातही पदं रचत राहिले, हे ते बिरुद वापरताना सहसा आठवत नाही.

आपल्याकडे अशा माणसाचा शोध घ्यायचा तर मला वामनदादा कर्डक आठवतात. देव वेगळा, किंबहुना देवच नाही. रस्ता वेगळा, श्रोता वेगळा. पण स्वतः रचायचं, स्वतः गायचं, गावोगाव चालत जायचं आणि शेवटच्या ओळीत ‘वामन’ म्हणून नाव गुंफायचं. आणि साठेक वर्षं तेच करायचं. त्यांचीही गाणी आज ज्यांच्या तोंडी आहेत त्यांतल्या कितीतरी जणांना रचणारा माहीत नाही. असं विसरलं जाणं ही उपेक्षा, असं मला पूर्वी वाटे. कुंभकोणमच्या रस्त्यावर तुकोबाला तिसऱ्या वळणावर आणि शिवन यांना चौथ्या वळणावर ऐकल्यापासून तसं वाटत नाही. नाव मुद्रेत सुरक्षित असतं. गाणाऱ्याने त्याची आठवण ठेवायची गरज नाही, त्याने ते नुसतं उच्चारलं की पुरे.

सन्मान उशिरा आले. मद्रासच्या म्युझिक अकॅडमीने १९७१ मध्ये त्यांना संगीत कलानिधी केलं तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. पुढच्या वर्षी पद्मभूषण, आणि १ ऑक्टोबर १९७३ ला ते गेले. सिनेमाचं संगीत तोवर केव्हाच बदललं होतं. भागवतरचा काळ सरला होता, वाद्यमेळ मोठा आणि शब्द लहान झाले होते. लोकप्रियतेवर जगणारा गीतकार अशा वेळी कडवट होतो किंवा स्वतःचीच जुनी गाणी उगाळत बसतो. शिवन यांनी काय केलं, ते मला त्यांच्या कुठल्याही पदापेक्षा जास्त बोलकं वाटतं. साठीच्या पुढे त्यांनी संस्कृत शब्दांचा एक मोठा कोश तयार करून छापला, ‘संस्कृत भाषा शब्द समुद्र’. एका अर्थाचे जेवढे शब्द सापडतील तेवढे शेजारी शेजारी मांडायचे.

ज्याच्या पदांवर मैफली उभ्या होत्या त्या माणसाला त्या वयात पर्यायी शब्द गोळा करायची काय गरज? उत्तर कारागिराचं आहे. चंद्राला दोन अक्षरांचा शब्द कोणता, चार अक्षरांचा कोणता, लघूने सुरू होणारा कोणता, वरच्या स्वरावर ‘आ’ उघडणारा कोणता. स्वतःपुरतं गाणाऱ्याला एका अर्थासाठी एक शब्द पुरतो, त्याला आवडलेला. आज पद मामीला द्यायचं, उद्या भागवतरला, परवा पट्टम्माळला, आणि नंतर अशा गळ्यांना जे अजून जन्मलेलेही नाहीत, तर शब्दांचा साठा समुद्राएवढाच लागतो. साठ वर्षं टिकायचं रहस्य प्रतिभेत असेलही, पण मला ते या कोशात जास्त दिसतं. हातात भरपूर शब्द असावेत, आणि कुठला निवडायचा ते गाणाऱ्याच्या सोयीने ठरावं.